आजारपणात उतरलेलं लेकराचं वजन भरून काढताना

हगवण होऊन गेली, ताप येऊन गेला, नाहीतर मे महिन्यात आठवडाभर पोटात धड काही गेलं नाही, आणि दीड-दोन वर्षांचं लेकरू बघता बघता उतरलं. चड्डी कमरेवरून घसरायला लागते, फासळ्या दिसायला लागतात, आणि घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "पोऱ्या सुकी गया." मग कुणी टॉनिकचं नाव सांगतं, कुणी पावडरचा डबा आणायला सांगतं, आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते. दृष्ट काढायला काहीच हरकत नाही. फक्त त्याच दिवशी अंगणवाडीत जाऊन वजनही करून घ्या.

पहिल्यांदाच आईबाबा झालेल्या खानदेशातल्या घरांसाठी हे लिहिते आहे. यातलं सगळं एक ते तीन वर्षांच्या मुलांबद्दल आहे. वर्षाच्या आतल्या बाळाचं वजन उतरलं तर घरचे उपाय न करता थेट डॉक्टरांकडेच न्यायचं. माझं म्हणणं थोडक्यात असं की लहान मुलाचं पोट लहान असतं, त्यात जास्त कोंबता येत नाही. म्हणून घास वाढवण्याच्या मागे न लागता घास दाट करायचा. पण त्याआधी दोन-तीन कामं आहेत, ती चुकवून ताटाकडे वळू नका.

वजन आणि दंड मोजा

डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका. वजन दर वेळी एकाच काट्यावर, सकाळी, शी-शू झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी आणि अंगावर कमीत कमी कपडे ठेवून करा. आठवड्यातून एकदाच, वार ठरवून. रोज काट्यावर उभं केलं तर जीवाला घोर लागण्यापलीकडे काही हाती येत नाही, कारण मुलाने पेलाभर पाणी प्यायलं तरी काटा २०० ग्रॅम पुढे जातो.

हगवणीत जे वजन जातं त्यातलं बरंचसं पाणी असतं. पोट थांबलं, पिणं सुरू झालं की दोन-तीन दिवसांत तेवढं परत येतं. म्हणून जुलाब थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी केलेलं वजन हे सुरुवातीचं वजन धरा. ते माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. त्या कार्डात वाढीचा तक्ता असतो, मुलग्यांचा निळा आणि मुलींचा गुलाबी. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा आपल्या मुलाची रेघ कुठे चालली आहे ते बघा. बारीक चणीचं पण आपल्या रेघेने वर जाणारं मूल ठीक असतं. गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाची रेघ दोन महिने आडवी राहिली तर विचार करावा लागतो.

दुसरं माप दंडाचं. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे रंगीत पट्टी असते, तिने डाव्या दंडाचा घेर मोजतात. १२.५ सेंमी किंवा जास्त म्हणजे हिरवा. ११.५ ते १२.५ च्या मधे पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ही मापं सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तीच आहेत, त्यामुळे वय नेमकं माहीत नसलं तरी चालतं.

तिसरं, दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. खड्डा पडून राहिला तर ती सूज आहे. अशा मुलाचं वजन काट्यावर बरं दिसतं, कारण ते पाण्याचं असतं. दोन्ही पायांना सूज असेल तर दंडाचं माप काहीही येवो, मूल तीव्र कुपोषितच धरतात.

डॉक्टरांना दाखवणं टाळू नका

एक-दोन वर्षांच्या मुलाचं वजन वाढायचं थांबणं वेगळं आणि घटणं वेगळं. घटलं असेल तर एकदा तपासून घ्यायलाच हवं. कारण ठाऊक नसताना तूप वाढवत बसलात तर आजार आत तसाच राहतो. लघवीतला जंतुसंसर्ग लहान मुलात कित्येकदा नुसता ताप आणि मंदावलेली भूक एवढ्यावरच दिसतो. खोकला किंवा ताप दोन आठवड्यांवर गेला, किंवा घरात कुणाला क्षयरोग झाला होता, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. मूल फिकट असेल, हातपाय सुजून दुखत असतील, कावीळ वारंवार होत असेल, तर ती तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका: मूल ग्लानीत आहे, पाणीही पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, डोळे खोल गेलेत, सहा-आठ तास लघवी नाही, शीतून रक्त जातं, श्वास जोरजोरात चालतो, पायांवर सूज आहे, किंवा दंडाची पट्टी लाल आली.

लाल पट्टीच्या मुलाबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. फार वाळलेल्या मुलाला घरी एकदम भरपूर आणि तुपकट खाऊ घालणं धोक्याचं असतं. त्याच्या शरीराला उपाशी राहायची सवय झालेली असते, अचानक आलेलं अन्न त्याला झेपत नाही, त्यात जीवही जाऊ शकतो. अशा मुलाला सरकारी रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात थोड्या थोड्या खास आहारापासून सुरुवात करतात. इथून पुढे जे लिहिलं आहे ते पट्टी हिरवी किंवा पिवळी असलेल्या, डॉक्टरांनी घरी सांभाळा म्हणून सांगितलेल्या मुलांसाठी आहे.

आजार चालू असतानाही खाणं चालू

"पोट बिघडलंय, दोन दिवस पोटाला आराम द्या," हे आपल्याकडे अजून ऐकू येतं. असं करू नका. हगवणीत दोन दिवस उपाशी ठेवलेल्या मुलाचं जेवढं वजन जातं, ते भरायला दोन-तीन आठवडे लागतात.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं-अर्धं नाही. दर पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा पेला आणि त्यावरच्या मुलाला अर्धा ते एक पेला, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. जोडीला झिंकची गोळी, २० मिलिग्रॅम, रोज एक, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. पुढचे दोन-तीन महिने हगवण कमी होते ती त्यामुळेच. ओआरएस आणि झिंक दोन्ही आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

आईचं दूध चालू असेल तर ते मागेल तेव्हा द्या, रात्रीसुद्धा. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही ते चालू ठेवायला हरकत नाही. आजारात मूल बाकी सगळं नाकारतं तेव्हा कित्येकदा तेवढंच पोटात जातं.

आता ताटाकडे

दहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात. गेलेलं वजन भरून काढायचं तर त्यावर थोडी भर हवी. अंगावर एक ग्रॅम चढायला अंदाजे ५ कॅलरी जादा लागतात. म्हणजे दिवसाला २० ग्रॅम वाढ हवी असेल तर शंभरेक कॅलरींची भर. ही भर दोन चमचे तुपात, एका बऱ्यापैकी केळ्यात किंवा दीड अंड्यात असते. डोंगराएवढं काही करायचं नाहीये.

अडचण येते ती पोटाच्या आकाराची. दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण ३०० मिली मावतं, आपली मोठी वाटी भरून. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर संपलं. आपल्याकडे मुलाला "वरणाचं पाणी" पाजायची पद्धत फार आहे, पण डाळ तळाशी राहते आणि मुलाच्या वाट्याला हळद-मिठाचं पाणी येतं. भाताची पेज, साबुदाण्याचं पाणी, पातळ सूप यांचंही तेच. चमचा तिरका केला तरी वरण चटकन ओघळू नये, इतकं घट्ट हवं.

आपल्या खानदेशी स्वयंपाकात यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीसोबत उडीद दळलेला असल्यामुळे धान्य आणि कडधान्य एकाच घासात येतात, आणि त्यांची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. तव्यावरची मऊ भाकरी घ्या, कडा काढून टाका, घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करा, भिजू द्या, वरून एक चमचा तूप. भरिताच्या दिवशी तिखट घालण्याआधीच भाजलेल्या वांग्याचा गर थोडा बाजूला काढून ठेवा, त्यात दाण्याचं बारीक कूट आणि तेल घालून याच भाकरीबरोबर द्या. घरात फुनके झाले की दोन फुनके मिरचीवेगळे वाफवून घ्या आणि कढीत मोडून द्या. तुरीच्या डाळीचा इतका मऊ, भरीव घास दुसरा नाही. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी आतून मऊ असते ती काढा, तुपात चुरा, वर घट्ट वरण. यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. तिखट आणि काळा मसाला घालण्याआधी मुलाचा वाटा काढून ठेवायचा, एवढंच.

खिचडीला दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ धरा. तांदूळ-डाळ धुऊन हलकी भाजून घेतली तर चव चांगली लागते. शिजताना पालक, मेथी किंवा गाजर किसून, आणि वाढताना वाटीला एक चमचा तूप किंवा कच्च्या घाणीचं तेल. दिवसभराच्या जेवणांत मिळून तीन-चार चमचे वरचं तूप-तेल पुरे. त्याहून जास्त ओतलं तर भूक मरते, पोट ढिलं होतं, आणि डाळ-अंड्याला जागा राहत नाही. नुसत्या तुपा-साखरेने वाढलेलं वजन चरबीचं असतं, मुलाला स्नायूही भरायला हवेत.

शेंगदाण्याला मी सगळ्यात वरचा मान देते. १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेवर कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं. स्वस्त, घरात असतात, आणि मुलांना आवडतात. पण अख्खा दाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात कधीही देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. फुटाणे, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या यांनाही हाच नियम. दाणे भाजून, सालं काढून, अगदी बारीक कूट करायचं किंवा तेल सुटेपर्यंत वाटून लोणी करायचं. काळपट, बुरसटलेला, कडवट दाणा निवडून फेकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. पहिल्यांदा देताना पाव चमचा देऊन बघा, अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

जळगाव जिल्ह्यात राहून केळ्यासाठी लांब जायला नको. रावेर-यावलकडे तर दारात असतं. पिकलेलं केळं काट्याने कुस्करायचं, दोन चमचे दाण्याचं कूट, दोन चमचे घट्ट दही. पाच मिनिटांत होतं, शिजवावं लागत नाही, आणि वाटीत अंदाजे २०० कॅलरी येतात. केळ्याने सर्दी होते हा समज आपल्याकडे पक्का आहे, पण सर्दी विषाणूने होते. अंडं खाणाऱ्या घरात रोज एक अंडं, पूर्ण शिजवलेलं. उकडून, किंवा तुपावर परतून मऊ भातात मिसळून.

लापशी दाट केली की मूल थुंकतं, पातळ केली की त्यात काही उरत नाही, ही तक्रार प्रत्येक आईची असते. त्यावर मोडाच्या पिठाचा उपाय आहे. गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, हलके भाजून दळून ठेवायचे. लापशी नेहमीपेक्षा दाट शिजवा, खाली उतरवून थोडी निवू द्या, त्यात हे पीठ एक चमचा घालून ढवळा. मोडातलं पाचक द्रव्य पिठूळपणा मोडतं आणि घट्ट गोळा काही मिनिटांत ओघळता होतो. मग पुन्हा एक उकळी काढून घ्या. मूल गिळतं पातळ, पोटात जातं दाट.

दिवस कसा लावायचा

तीन जेवणं आणि मधे दोन खाऊ, हा एरवीचा नेम. आजारानंतर किमान दोन आठवडे त्यात एक जेवण वाढवा, वजन जुन्या जागी येईपर्यंत. दोन खाण्यांत दोन-अडीच तास अंतर ठेवा. अधूनमधून बिस्किटाचा तुकडा, शेवेची चिमूट चालू राहिली तर भूक लागतच नाही.

उन्हाळ्यात हे वेळापत्रक तसंच्या तसं चालत नाही. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेला की मोठ्यांना दुपारी जेवण नको वाटतं, लेकराकडून काय अपेक्षा करणार. म्हणून भरीव जेवणं सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर द्या, रात्री झोपण्याआधी आणखी एक वाटी. दुपारी दही-केळं, दहीभात, आमरसात तूप असं थंड पण भरीव. त्या उन्हात शिजवलेलं अन्न दोन तासांत बिघडायला लागतं. सकाळची खिचडी दुपारी देऊ नका, नाहीतर पुन्हा हगवण आणि पुन्हा पहिल्यापासून.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट आणखी वेगळी. आई सकाळी शेतात जाते ती संध्याकाळी येते, लेकरू थोरल्या बहिणीकडे किंवा बांधावरच्या झोळीत. यात आईला बोल लावून काही होत नाही, हजेरी बुडवून चूल पेटत नाही. डब्यात काय जाईल ते बघू: केळी, न सोललेलं उकडलेलं अंडं, दाण्याचं कूट-गूळ-तूप वळून केलेले मऊ लाडू, तूप घातलेली बट्टी. हे अर्धा दिवस टिकतं आणि आठ वर्षांची बहीणही भरवू शकते. घरून निघण्याआधी एक जेवण, परतल्यावर लगेच एक, झोपताना एक, ही तीन आईच्या हातची झाली तरी बरंच साधतं.

भरवताना

जबरदस्ती करू नका. नाक दाबून, हात धरून भरवलेलं मूल आठवडाभरात ताट बघूनच रडायला लागतं. ते गमावलं की परत मिळवणं वजन मिळवण्यापेक्षा अवघड आहे. काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. आपल्याबरोबर जमिनीवर बसवा, त्याची वेगळी ताटली, त्यात दोन घास हाताने कालवायला. पाच घासांनंतर तोंड फिरवलं तर थोडं थांबून, बोलून, पुन्हा एकदा विचारा. अर्ध्या तासात आटोपतं घ्या. मोबाईल दाखवून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि भुकेचंही कळत नाही.

दुधावरही लक्ष ठेवा. दिवसाला ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त वरचं दूध जात असेल तर जेवणाची भूक दूधच खाऊन टाकतं, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह नसल्यासारखंच असतं. "तो दुधावरच आहे" असं सांगणाऱ्या घरातली मुलं कित्येकदा फिकट असतात ती यामुळे. बाटली बंद, पेल्याने पाजा. चहा पूर्ण बंद, चहात बुडवलेली खारी आणि टोस्टही. चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही.

हे आजीला सांगणं कठीण जातं, मला कल्पना आहे. सासूबाईंना "देऊ नका" म्हणण्यापेक्षा "आत्याबाई, दुपारचं केळं तुमच्याच हातचं खातो तो, तुम्हीच भरवाल का?" असं म्हणून बघा. ज्या हातातून बिस्कीट जात होतं त्याच हातातून केळं जाऊ लागतं.

भूक वाढवायचं औषध डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणू नका. त्यातली काही गुंगी आणणारी असतात. आणि पावडरच्या डब्याच्या पैशांत महिनाभराची अंडी आणि दाणे येतात.

अंगणवाडीतून काय मिळतं

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरी न्यायचा शिधा मिळतो, तो मुलाच्याच पोटात जाईल एवढं बघा. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. पट्टी पिवळी असेल, किंवा लाल असून डॉक्टरांना दाखवून झालं असेल, तर सेविकेला ग्राम बाल विकास केंद्राबद्दल विचारा. तिथे दिवसातून अनेक वेळा आहार देतात आणि नियमित वजन करतात. पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं ठरलं तर जा. तिथे साधारण दोन आठवडे राहावं लागतं, आई सोबत असते, आणि तिच्या बुडीत मजुरीची काही भरपाई देण्याची तरतूद आहे.

जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यापुढे पूर्ण, नेहमी चुरून पाण्यातून, आणि मूल त्या दिवशी आजारी नसताना. अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली. त्याने शी काळी होते, घाबरू नका.

धडगाव, अक्कलकुवा भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातकडे जाणाऱ्या घरांनी निघण्याआधी सेविकेला सांगावं आणि कार्ड सोबत न्यावं. मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडीत ते दाखवता येतं, आणि तिथेही मुलाला आहार आणि लस मिळायला हवी.

किती वाढ धरायची

निरोगी मूल दुसऱ्या वर्षात महिन्याला साधारण २०० ग्रॅमने वाढतं, तिसऱ्या वर्षात त्याहून थोडं कमी. भरून काढायच्या दिवसांत त्याच्या दुपटीने वाढ झाली तर उत्तम चाललंय. गेलेला अर्धा किलो परत यायला महिना-दीड महिना धरा. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही तर ताट तपासा. वाट्या खरंच घट्ट आहेत का, मधे दूध-बिस्कीट जातंय का, सकाळी लवकर काही मिळतं का. सलग दोन आठवडे वजन तसंच राहिलं, किंवा घटलं, तर घरात आणखी प्रयोग न करता पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि वजनाचं कार्ड दाखवा.

रेघ जुन्या मार्गावर आली की जादाचं जेवण आपोआप नकोसं होतं. तेव्हा ते बंद करा आणि वरचं तूप चमच्या-दोन चमच्यांवर आणा. डाळ, अंडं, दाण्याचं कूट तसंच चालू ठेवा, आणि आठवड्याचं वजन महिन्यावर न्या.